पाळंदेबाईंची परवानगी

अरुणा पाळंदे यांनी आयुष्यात कुणाची कुठलीही वस्तू विचारल्याशिवाय घेतलेली नाही. लखनौच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात त्या चौतीस वर्षं होत्या. त्या काळात जुनं पुस्तक परत केलं नाही म्हणून त्यांनी तीन संचालकांना नवीन पुस्तक नाकारलं. त्यातल्या एकांनी बाईंच्या निरोप समारंभात भाषण करताना हा किस्सा सांगितला. सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत, कारण ते पुस्तक अजून आलेलं नव्हतं.

मी सिद्धेश, मूळचा कोल्हापूरचा. अकरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलो, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला बाईंची ओळख झाली. "पुस्तकाचं पान दुमडता का?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. पण मी अलीगंजमध्ये त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो हे कळल्यावर त्यांनी मला घरी बोलावून एक पुस्तक दिलं, आणि परतीची तारीखही दिली. तेव्हापासून त्या माझ्या मावशी. त्यांनी लग्न केलं नाही. त्याचं कारण मंडळातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकाला वेगळं माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर मावशींनी वाचून दाखवायला सुरुवात केली. आमच्या मंडळात सत्तरी ओलांडलेले पुष्कळ. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी सरकारी कंपनीतून, कुणी प्रयोगशाळेतून. कुणाला मोतीबिंदू, कुणाला काचबिंदू, आणि घरातली पुढची पिढी मराठी समजून घेऊन हिंदीत उत्तर देणारी. मावशी घरी बसून मराठी पुस्तकं मोठ्यानं वाचत, ते रेकॉर्ड करत, आणि दर शनिवारी दुपारी बरोबर चार वाजता एका वेबसाइटवर टाकत. वेबसाइटचं नाव 'ऐकून घ्या'. नाव त्यांनीच ठेवलं, आणि ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. श्रोते एकसष्ट. बहुतेक लखनौ आणि कानपूरचे, थोडे झाशीचे, एक डेहराडूनचे.

आता पुस्तक म्हटलं की लेखक आला, आणि लेखक गेला असेल तर वारस आले. मावशी प्रत्येक वारसाला पोस्टानं पत्र लिहीत, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. एका जुन्या प्रवासवर्णनकाराच्या नातवानं नाशिकहून उत्तर पाठवलं, की आजोबा लिहायचे हे आम्हाला तुमच्या पत्रावरून कळलं, खुशाल वाचा. माझ्या वडिलांनी उसावर एक पुस्तिका लिहिली होती. तीही वाचा असं मी एकदा सहज म्हणालो, तर मावशींनी आम्हा तिन्ही भावांच्या सह्या मागितल्या. माझ्या दोन मोठ्या भावांमध्ये सहा वर्षं बोलणं नव्हतं. सह्यांसाठी ते एकमेकांशी बोलले. नंतर पुन्हा बंद झालं, पण सह्या झाल्या.

अशी त्रेचाळीस परवानगीपत्रं त्यांच्या निळ्या फाइलीत आहेत. कॉपीराइटचा कायदा इतका मनापासून पाळणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि माझा त्या कायद्याशी रोजचा संबंध आहे.

तो कसा, ते सांगतो. हजरतगंजच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. मी तिथे कंप्लायन्समध्ये आहे. विभाग म्हणजे मी आणि उत्कर्षा. कोर्टाचे, सरकारचे आदेश येतात की अमुक साइट बंद करा, तमुक साइट बंद करा. आम्ही बंद करतो. का, हे विचारायचं खातं आमचं नव्हे. ते कुठल्या मजल्यावर आहे हेही मला अकरा वर्षांत कळलेलं नाही.

फाइलीतलं त्रेचाळिसावं पत्र भास्करराव खांबेटे यांचं. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त शास्त्रज्ञ, राहणार चिनहट. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी लतिकाबाई गेल्या. कपाटात साड्यांच्या खाली त्यांच्या सोळा वह्या निघाल्या. रोजनिशी. त्या रोज काहीतरी लिहितात हे भास्कररावांना संसारभर माहीत होतं. काय लिहितात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. किराण्याच्या याद्या असतील असं वाटायचं, म्हणाले.

भास्कररावांना त्या वह्यांमधून एकच गोष्ट हवी होती. १९७६ साली लतिकाबाई मिरजेला मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या, आणि भास्करराव तिथल्याच एका कॉलेजात. त्या जूनपासून त्या पर्यवेक्षिका होणार होत्या, तसं पत्र हातात आलं होतं. त्याच उन्हाळ्यात भास्कररावांना लखनौच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. बाईंनी राजीनामा दिला आणि त्या इथे आल्या. इथे त्यांनी पुन्हा कुठल्याही शाळेत पाऊल ठेवलं नाही.

"मी तिला विचारलं होतं," भास्करराव मावशींना फोनवर म्हणाले होते. "तुला नको असेल तर मी जात नाही, असं स्पष्ट विचारलं होतं. ती म्हणाली, जाऊ या. पण तिच्या मनात खरं काय होतं, ते मला कळायला हवं. मी आता किती दिवस आहे?"

मुलगा विनय वह्या वाचू शकला असता. पण आईच्या मनातलं बापाबद्दलचं मुलानं बापाला वाचून दाखवायचं, हे भास्कररावांना नको होतं. तिऱ्हाईत माणूस हवं होतं. मावशी लतिकाबाईंना जेमतेम ओळखत होत्या, आणि भास्कररावांना तर कधी भेटल्याच नव्हत्या, म्हणजे त्या अगदी योग्य.

मावशींनी आधी परवानगी मागितली. वारस दोघं, नवरा आणि मुलगा. भास्कररावांची सही कागदावर तिरकी तिरकी खाली उतरत गेली आणि ओळ सोडून समासात संपली. मावशींनी ती चालवून घेतली. वह्यांसाठी साइटवर एक कुलूपबंद पान केलं, जे फक्त भास्कररावांना उघडायचं. त्यांना फोनवरचं काही दिसत नसल्यानं त्यांच्या सुनेनं, हिमानीनं, एक डबी बनवून दिली. हिमानी इंजिनिअर आहे, माहेर अल्मोड्याकडचं, मराठी बोलत नाही. डबीला एकच बटण. दाबलं की ती 'ऐकून घ्या'वर जाऊन पुढचा भाग वाजवायची. आवाज नसेल आणि नुसता मजकूर असेल, तर तो वाचून दाखवायची.

मावशींची पद्धत ठरलेली. क्रमानं वाचायचं, काही गाळायचं नाही, पुढचं आधी सांगायचं नाही. पहिल्या दोन वह्या मे १९७६पर्यंत आल्या होत्या. म्हणजे जून तिसऱ्या वहीत. "तेवढं जरा आधी पाहून सांगता का?" असं भास्कररावांनी एकदा विचारून पाहिलं. मावशी म्हणाल्या, "खांबेटे, वही पहिल्या पानापासून वाचतात."

साइट आधी मावशींच्या घरातच होती. शब्दशः घरात. फ्रिजवर एक जुना कॉम्प्युटर ठेवला होता, ती त्याच्यात होती, आणि इंटरनेटवरचा त्याचा पत्ता त्याचा एकट्याचा होता. वीज गेली की साइट जायची. श्रोत्यांची तक्रार नसायची, कारण त्यांचीही गेलेली असायची. मागच्या वर्षी कुठल्या कुठल्या कंपन्यांचे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, येऊन मावशींचा आवाज दिवसरात्र उतरवून घ्यायला लागले. त्यांनी परवानगी विचारली नाही हे मावशींच्या मनाला फार लागलं. कॉम्प्युटर इतका तापायचा, की मावशी त्याच्यावर ओला पंचा ठेवायच्या विचारात होत्या. तेव्हा मी सल्ला दिला. परदेशात एक अवाढव्य कंपनी आहे, ती असल्या साइटना आपल्या आडोशाला घेते, फुकट. बॉटना तीच हाकलते. निम्मं जग तिच्या आडोशाला आहे.

"निम्मं जग एकाच ठिकाणी?" मावशी म्हणाल्या. "आणि तिथेच काही झालं तर?"

मी हसलो. मावशी, म्हटलं, त्या कंपनीला काही होत नाही. आणि त्या कंपनीला खरोखरच काही झालं नाही, हे इथे नमूद करतो.

एप्रिलमध्ये क्रिकेटचा मोसम आला. सामने चोरून दाखवणाऱ्या साइट बंद करा असा कोर्टाचा आदेश निघाला. त्यात भर अशी, की सामना चालू असताना प्रक्षेपणाच्या हक्कदारांच्या वकिलांची फर्म नवनवीन पत्ते पाठवणार आणि आम्ही ते अर्ध्या तासात बंद करायचे. पत्ते म्हणजे नुसते आकडे. पहिल्या शनिवारी दुपारी साडेतीनला ईमेल आली. एकशे अठरा आकडे. मी यादी सिस्टीममध्ये टाकली, उत्कर्षानं तपासली, मग आम्ही चहा मागवला. चार वाजता तिकडे चिनहटमध्ये, आमच्याच कंपनीच्या इंटरनेटवर, भास्कररावांनी बटण दाबलं.

त्या यादीतल्या एका आकड्याच्या मागे सामने चोरणारी एक साइट होती. आणि त्याच आकड्याच्या मागे, त्याच आडोशाला, आणखी काही हजार साइट होत्या. शंभर फ्लॅटना एकच फाटक असावं, एका फ्लॅटमध्ये जुगार चालतो म्हणून पोलिसांनी फाटकालाच कुलूप ठोकावं, तसं. कुलूप लावणाऱ्याला आत कोण कोण राहतं ते दिसत नाही. कुलूप मी लावलं होतं.

डबीतून मावशींचा आवाज आला नाही. एका बाईंनी इंग्रजीत सांगितलं, की सक्षम न्यायालयाच्या आदेशानुसार ही सामग्री उपलब्ध नाही. भास्कररावांनी ते तीनदा ऐकून घेतलं. मग हिमानीला हाक मारून विचारलं, "बेटा, लतिका के खिलाफ कोर्ट में कोई गया है क्या?"

हिमानीनं मावशींना फोन केला, मावशींनी मला केला. मी आमचीच यादी उघडून आकडे ताडून पाहिले आणि गप्प बसलो. मला वाटलं, सामना संपला की कुलूप निघेल. निघालं नाही. बंद करायच्या आदेशात वेळ लिहिलेली असते, शिक्षा लिहिलेली असते. उघडायचा आदेश कुणी काढायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो कुणी काढत नाही. सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"सिद्धेश जी," साहेब म्हणाले, "बंद करने में गलती हो जाए तो माफी है. खोलने में हो जाए तो अवमानना है."

साहेब जुने लखनौवाले. हे त्यांनी इतक्या अदबीनं सांगितलं, की मी आभार मानून बाहेर आलो.

परदेशातल्या कंपनीला मी मेल केली. तिनं मला तक्रारीचा एक क्रमांक दिला. तो माझ्याकडे अजून आहे. वकिलांच्या फर्मनं मात्र एक फॉर्म पाठवला. ज्यांची साइट चुकून बंद झाली असेल त्यांनी तो भरायचा. मी तो छापून घेऊन पुढच्या रविवारी सकाळी मावशींकडे गेलो. सात प्रश्न बिनतक्रार झाले. आठवा असा होता: आपल्या वेबसाइटवर आपल्या मालकीची नसलेली कोणतीही सामग्री आहे का? हो किंवा नाही.

"नाही वर टिक करा," मी म्हणालो.

"आहे की."

"मावशी, चोरलेलं काही आहे का, असा त्याचा अर्थ आहे."

"मग तसं विचारायचं. इथे मालकी विचारली आहे. खांबेटेबाईंच्या वह्या माझ्या मालकीच्या आहेत?"

"नाहीत, पण..."

"मग त्या माझ्या आहेत असं मी कोर्टाला लिहून देऊ?"

"कोर्टाला नाही, वकिलांना. आणि त्यांच्याकडेही हे मशीनच वाचणार आहे, मावशी."

"मशीनशी खोटं बोललेलं चालतं, असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी हो वर टिक केली. बरोबर बाण काढून समासात 'सर्व परवानग्या उपलब्ध' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ऑनलाइन भरताना समास नव्हता. सोबत कागद जोडायला जागा होती ती एकाच कागदापुरती, आणि त्रेचाळीसमधला कुठला जोडायचा यावर मावशींनी पाऊण तास घालवला. शेवटी खांबेट्यांचा जोडला. मला त्यांचा खूप राग आला, हे सांगून टाकतो. एका टिकमार्कचा प्रश्न होता. तिकडे म्हातारा माणूस बटण दाबत बसला होता आणि इकडे मावशी व्याकरण सोडवावं तशी मालकी सोडवत बसल्या होत्या. मी त्या दिवशी पोहे न खाता निघालो. मावशींच्या घरून तसं कुणी निघत नाही.

गुरुवारी उत्तर आलं. आपण दिलेल्या कबुलीबद्दल आभार, असं त्यात होतं.

शनिवारच्या यादीत आकड्यांच्या खाली या वेळी नावंही होती. पहिल्याच पानावर 'ऐकून घ्या'. आतापर्यंत ती शेजाऱ्यामुळे बंद होती. आता स्वतःच्या नावानं बंद होणार होती, म्हणजे पुन्हा फ्रिजवर नेऊन ठेवली तरी बंदच. उत्कर्षानं ते नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मावशींचे किस्से मी तिला जेवणाच्या सुट्टीत सांगत असे.

"सर, ये तो वही हैं न? किताब वाली?"

"हाँ."

"तो?"

अर्धा तास होता. मी सव्वीस मिनिटं बसून राहिलो. मग ते नाव बंदीत टाकलं. मला नोकरी हवी होती, दुसरं काही कारण नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटत असतानाच मी यादीतली पुढची नावंही टाकली.

लाजेचा एक उपयोग झाला, मी डोकं चालवलं. हिमानीला फोन केला. ती म्हणाली, डबी इंटरनेटशिवायही चालेल. "भैया, आप पेन ड्राइव में ला दीजिए. पापाजी का बटन वही रहेगा." इतके दिवस हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. इंटरनेटच्या धंद्यात राहून माणसाचं असं होतं. पेन ड्राइव्ह बंद करायचा आदेश अजून निघालेला नाही. शुक्रवारी मी रजा टाकली आणि दुपारी मावशींकडे गेलो. त्या दारातच उभ्या होत्या.

"तिसऱ्या वहीचं रेकॉर्डिंग द्या," मी म्हणालो. "तासाभरात चिनहटला पोचवतो."

मावशींकडे दोन चष्मे आहेत, एक वाचायचा आणि एक माणसांचा. त्यांनी वाचायचा काढून माणसांचा लावला.

"रेकॉर्डिंग नाही," त्या म्हणाल्या.

"पुसलं गेलं?"

"केलंच नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "ज्या शनिवारी साइट बंद झाली, त्या दिवशी सकाळी करायचं होतं. वही उघडली. ते पान वाचलं आणि वही मिटली. चार वाजता खांबेट्यांना काय सांगायचं, याचा विचार करत बसले. तेवढ्यात हिमानीचा फोन, की कोर्टाची बंदी आली. सिद्धेश, मला इतकं बरं वाटलं."

मी पेन ड्राइव्ह परत खिशात ठेवला.

"चौतीस वर्षांत पुस्तक हातात असताना मी वाचकाला नाही म्हटलेलं नाही. तीन आठवडे म्हणते आहे. तुझ्या त्या आदेशाच्या मागे लपून म्हणते आहे."

"आणि तो फॉर्म?"

"फॉर्म खराच भरला. पण हो वर टिक करताना पुढे काय होणार ते मला दिसत होतं. तू पोहे टाकून गेलास, तेव्हा तुला सांगायला हवं होतं."

अकरा वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि माझा सगळा राग उतरला. जे नाव बंदीत टाकताना मला लाज वाटली होती, ते पडल्याचं त्यांना आतून बरं वाटलं असणार, हेही मनात आलं. ते मी बोललो नाही.

"काय आहे त्या पानात?" मी विचारलं.

"ते तुला कसं सांगू? परवानगी खांबेट्यांना वाचून दाखवायची आहे." मग त्या उठल्या. "साइट चालू असती तर पुढच्या शनिवारी तरी मला ते वाचून टाकावंच लागलं असतं. बंदी आली म्हणून मला विचार करायला सवड मिळाली. आणि विचार करायचा अधिकार मला नव्हताच. वही त्यांची आहे. चल."

स्कूटरवर त्या बसत नाहीत, म्हणून ऑटो केली. एप्रिलअखेरची दुपार, पॉलिटेक्निकच्या चौकात वीस मिनिटं जागेवर उभे. मावशींनी वही पदराखाली धरली होती. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, की लतिकाबाईंचं अक्षर फार छान होतं.

भास्करराव इस्त्रीचा सदरा घालून कूलरसमोर बसले होते. शेजारी स्टुलावर ती डबी.

"पाळंदेबाई? आवाजावरून तुम्ही उंच असाल असं वाटायचं."

"आहे मी उंच."

"मग बरोबर आहे."

हिमानीनं पन्हं आणून दिलं. मावशींनी ग्लास खाली ठेवला. "हा सिद्धेश माझ्याबरोबर आहे. तो इथे थांबला तर चालेल का? तुमची परवानगी लागेल."

"थांबू द्या. हिमानीही असू दे, तिला कुठे मराठी कळतं."

हिमानी दाराला टेकून उभी राहिली. तिला मराठी चांगलं कळतं, हे तिच्याकडे एकदा पाहून माझ्या लक्षात आलं होतं.

"आधी एक सांगते," मावशी म्हणाल्या. "कोर्टाची बंदी खरी होती. पण बंदी नसती तरी त्या दिवशी तुम्हाला काही ऐकू आलं नसतं. मी ते पान वाचलं आणि पुढे रेकॉर्ड केलं नाही. ही माझी चूक."

भास्कररावांनी मान त्यांच्या दिशेला वळवली. "म्हणजे वाईट आहे."

"मी वाचते," मावशी म्हणाल्या. त्यांनी चष्मा बदलला आणि त्या आपल्या नेहमीच्या, शनिवारच्या आवाजात वाचायला लागल्या.

"'चार जून. सकाळी हे म्हणाले, लखनौचं पत्र आलंय. तुला नको असेल तर मी जात नाही. बूट घालता घालता म्हणाले. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी म्हणाले, जाऊ या. खाली बसून विचारलं असतं, तर मी नाही म्हणणार होते. काय काय बोलायचं ते पाठसुद्धा केलं होतं. आता हे जन्मभर सांगतील, की मी तिला विचारलं होतं. आणि ते खोटंही असणार नाही.'"

भास्कररावांनी कान वहीच्या दिशेला केला.

"परत वाचा," भास्करराव म्हणाले.

मावशींनी तारखेपासून परत वाचलं. आवाजात काडीचा फरक नाही. त्या कशा वाचू शकल्या कोण जाणे.

"बूट नव्हते," भास्करराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम ताठ झाला होता. "माझ्या चांगलं लक्षात आहे. त्या दिवसांत माझ्या पायात चपला होत्या. चपला घालून मी कॉलेजला गेलो होतो, लोकांनी चेष्टा केली होती. बूट वगैरे काही नव्हतं. तिनं मागाहून लिहिलं असणार. मागाहून लिहिताना माणूस काहीही लिहितो."

मावशींनी बोट ओळीवर तसंच ठेवलं.

"त्याच दिवशी लिहिलंय कशावरून? तुम्हीच सांगा. बूटच चुकलेत, तर बाकीचं कशावरून खरं?"

"मला ते सांगता येणार नाही," मावशी म्हणाल्या. "मी फक्त वाचते. पुढचं वाचू?"

भास्कररावांनी मान डोलावली.

"'पाच जून. काल यांच्या डाव्या बुटाची शिवण उसवलेली दिसली. आज यांना चपला घालून पाठवलं. कुरकुरत गेले. शाळेत जाऊन राजीनामा देऊन आले. येताना बूट शिवून आणला. तिकडे थंडी फार असते म्हणतात.'"

भास्कररावांचा हात डबीवर होता. तो त्यांनी उचलून मांडीवर ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं. हिमानी दारातून पुढे आली, पण थांबली.

"होते," भास्करराव म्हणाले. "बूट होते."